ताळा

ड्रम आला तेव्हा झाकणाला छिन्नी लावावी लागली.
आत तेल आहे, असं कागदावर होतं.
मे महिना. धरमपेठेतलं डांबर
दुपारी दोनला चपलेसोबत चालू लागतं,
पण हे जागचं हललं नाही.
उईके वाकून बघत म्हणाले,
"मॅडम, हे तं काकवीची मोठी बहीण दिसते."

शेलचं तेल. पाटीसारख्या खडकात
कुठल्याशा तळ्याचं शेवाळ
दबून, विसरून पडलेलं.
कुणीतरी ते भाजून बोलतं केलं,
हलकं हलकं स्वतः ठेवलं
आणि जड ते आम्हाला धाडलं.
देशाच्या मधोमध असल्याचा हा एक फायदा :
सगळ्यांना सारखेच लांब.

आधी नुसती आच दिली.
चारशे पन्नास अंशांवर लांब साखळी थरथरते
आणि तुटते, कुठं तुटायचं ते न ठरवता.
दोन्ही टोकांना एकेक इलेक्ट्रॉन उघडा,
जवळ सापडेल त्याचा हायड्रोजन ओढणारा.
ज्याला मिळाला तो वायू होऊन, नाफ्ता होऊन
वरच्या नळीतून निघून गेला.
ज्याचा गेला,
तो आपल्यासारख्याच दुसऱ्याला चिकटला,
कड्याला कडी, थरावर थर,
तळाशी कोक.
हायड्रोजन घरात तेवढाच होता.

मग उत्प्रेरक : झिओलाइट, रांगोळीसारखं पांढरं.
हा तोडतो तेही रीतसर,
आत घेतो, आम्लाच्या पाटावर बसवतो,
फांद्या फोडून पाठवतो.
फक्त दार लहान. मोठे रेणू बाहेरच ताटकळतात.
आणि या तेलात नायट्रोजन फार :
क्विनोलीन येतो, पाटावर बसतो
आणि पंगत उठली तरी उठत नाही.
चाळीस मिनिटांत रांगोळी काळी.
हवा सोडून जाळली की पुन्हा पांढरी,
दर वेळी थोडी कमी.

उईके तापमापक बघत नाहीत.
बावीस वर्षं कंत्राटावर आहेत, नाकानं सांगतात,
"आता फुटून राह्यलं."
मी पडद्याकडे बघते. चारशे बारा.
त्यांचं बरोबर असतं.

रात्री हिशोब मांडला.
वायू अकरा पूर्णांक दोन,
द्रव त्रेसष्ट पूर्णांक पाच,
कोक तेवीस पूर्णांक सहा.
बेरीज अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन.
एक पूर्णांक सात टक्के कुठं गेले?
नळ्या टोल्युइननं धुतल्या, ते उडवून तोलले.
गॅस्केट तोललं. चिमटा तोलला.
पुसायची फडकीसुद्धा तोलली.
तराजू चौथ्या दशांशापर्यंत खरं बोलतो,
त्याच्याकडेही उत्तर नव्हतं.

उईके डबा धूत होते.
"मॅडम, माह्या शर्टाचं वजन केलं काय?"
मी हसले. ते नाही हसले.
त्यांच्या कपड्यांची तार घरी वेगळी आहे,
अंगणाच्या पार टोकाला, कडुलिंबापलीकडे.
त्यांची हिराई शाळेत जाईपर्यंत समजायची
की बापांना असाच वास असतो.
मग एका मैत्रिणीचे वडील भेटले,
साबणाच्या वासाचे.
घरी येऊन म्हणाली, "ते खरे नाही वाटले."

अहवालात मी रकाना भरला :
तफावत १.७, स्वीकार्य मर्यादेत.
दोनच्या आत असलं की कुणी विचारत नाही.

साडेनऊला स्कूटर काढली.
लॉ कॉलेज चौकात सिग्नल लाल, आकडे सावकाश उतरतायत,
रात्रीसुद्धा हवा तव्यावरून आल्यासारखी.
शेजारच्या ई-रिक्षातली बाई
पदर नाकाला लावते,
पोराला जवळ ओढते.
मी मागे वळून बघते,
कोण आहे म्हणून.